लेव्हल वाढवू नका, चौकट लपवा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या व्हिडिओ गेमवरच्या लेखात ‘गेम सोपा वाटू लागला की लेव्हल वाढवा’ असा सल्ला आहे. मला तो अपुरा वाटतो. मी मूळचा सांगलीचा, क्लब क्रिकेटमध्ये बरीच वर्षं पंचगिरी केली. सध्या सॅन डिएगोला मुलाकडे असतो आणि नातवाबरोबर ‘एमएलबी द शो’ हा बेसबॉलचा गेम खेळतो. (हा गेम तयार होतो तोही याच गावात.)

त्यात लेव्हल ‘रूकी’वरून ‘हॉल ऑफ फेम’ला नेली की चेंडू सणसणत येतो, बॅट कुठे फिरणार हे दाखवणारी खूणही आक्रसते. पण पडद्यावरची स्ट्राइक झोनची चौकट (तिच्यातून आलेला चेंडू फलंदाजाने सोडला तरी त्याच्याविरुद्ध ‘स्ट्राइक’ धरतात) जागच्या जागी! मग चेंडूकडे बघतो कोण? चौकटीत आला की मारायचा, बाहेर गेला की सोडायचा. बोटं तेवढी चपळ होतात.

आम्ही सेटिंगमध्ये जाऊन चौकट घालवली, बॅटची खूण घालवली, पुढच्या चेंडूचा अंदाज बरोबर ठरला की इशारा देणारं ‘गेस पिच’ही बंद केलं. लेव्हल मात्र एक पायरी खाली आणली, नाहीतर पोरगं रडकुंडीला येतं. आता बघायला उरतो पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा हात, प्लेटची (फलंदाजाशेजारी जमिनीत बसवलेल्या पाटीची) कड आणि फलंदाजाचा गुडघा.

खऱ्या मैदानात तरी दुसरं काय असतं? आपल्याकडे नऊ इंच रुंदीच्या यष्ट्या निदान समोर उभ्या असतात. स्ट्राइक झोन हवेतच असतो: रुंदी प्लेटइतकी, म्हणजे १७ इंच, आणि उंची गुडघ्याच्या वाटीखालून छातीपर्यंत, ज्याच्या त्याच्या अंगकाठीप्रमाणे. पिचर साडेसाठ फुटांवरून ताशी ९५ मैलांनी टाकतो, तेव्हा चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोचतो. याच गावच्या पॅड्रेस संघाचा फलंदाज टोनी ग्विन २० हंगाम खेळला आणि त्यात फक्त ४३४ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला. त्याला कोणी हवेत चौकट आखून दिली नव्हती. टीव्हीवर ती दिसू लागली २००१ च्या सुमारास, तो निवृत्त होत असताना.

पंच म्हणून मला आणखी एक सेटिंग भारी आवडतं. पंच ‘परफेक्ट’ न ठेवता माणसासारखा, थोडाफार चुकणारा ठेवता येतो. चौकट दिसत असली की नातू त्याच्या नावाने ओरडतो. चौकट गेली आणि आवाजही गेला, कारण पंच चुकला की आपण, हे कळायला मार्गच नाही. आमच्या काळात पायचीतचे निर्णय असेच पचवले जायचे.

सगळंच लपवावं असं मात्र नाही. उंच उडालेला चेंडू कुठे पडणार ही जमिनीवरची खूण आम्ही ठेवली आहे. सपाट पडद्यावर उंचीचा अंदाज येत नाही. तिथे मदत काढणं म्हणजे निव्वळ छळ.

आपल्या परीक्षणकारांना विनंती, की गेममध्ये लेव्हल किती आहेत ते सांगताना पडद्यावरच्या कुठल्या मदती बंद करता येतात, हेही लिहावं. क्रिकेटच्या गेमबद्दल तर जरूर. चेंडूचा टप्पा आधीच दाखवला तर फलंदाजाने करायचं काय?

– एक निवृत्त क्लब पंच, सांगली (सध्या सॅन डिएगो)