वॉलबॉक्सशेजारी इलेक्ट्रिक मोटरसायकलसाठी स्वतंत्र सॉकेट बसविण्यास परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, इंदिरानगर, नाशिक

महोदय,

आपल्या परवानगीने बी विंगमधील माझ्या पार्किंगच्या खांबावर मोटारीसाठी ७.४ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे मोटार चार्ज करण्याची पेटी, बसवलेला आहे आणि त्याची वीज माझ्याच मीटरवरून येते. यंदा मुलासाठी इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली. तो रोज अंबडच्या कारखान्यात जातो. सुरुवातीला आम्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्डची वायर खाली सोडून गाडी चार्ज करत होतो, आणि ही चूक मी मोकळेपणाने मान्य करतो. श्रावणात एका रात्री जळका वास आला म्हणून खाली जाऊन पाहिले, तर बोर्डाच्या एका भोकाभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडून मऊ झाले होते आणि पिन हात लावता येणार नाही इतकी तापली होती. त्या रात्रीपासून ती वायर बंद आहे.

त्यानंतर एका वायरमनने वॉलबॉक्सच्या प्लगला जोडायचे थ्री-पिनचे अ‍ॅडॉप्टर सुचवले. ते मी का नाकारले, हे कार्यकारिणीने जाणून घ्यावे असे वाटते, कारण उद्या इतर सभासदांनाही कोणी तेच सुचवील. वॉलबॉक्स नुसता प्लग लावला म्हणून वीज सोडत नाही. तो एका वेगळ्या तारेवरून १२ व्होल्टचा संदेश पाठवतो, मोटार जोडली गेली की तो ९ व्होल्टवर येतो, मोटार तयार झाली की ६ व्होल्टवर, आणि तेव्हाच आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा स्विच, बसतो. मोटरसायकलच्या चार्जरला मात्र फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग एवढेच कळते. म्हणून अ‍ॅडॉप्टरमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर घालून वॉलबॉक्सला मोटार सतत तयार असल्याचे भासवले जाते. अ‍ॅडॉप्टरचे सॉकेट १६ अ‍ॅम्पियरचे आणि मागचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ४० अ‍ॅम्पियरचा, अशा जोडणीत कोणी त्यात मल्टिप्लग लावला किंवा बिघाड झाला, तर एमसीबी पडण्याआधी सॉकेट वितळू शकते. आमच्या बोर्डाचे काय झाले ते पाहिल्यावर हा धोका मला पत्करायचा नाही.

म्हणून माझी विनंती वेगळी आहे. वॉलबॉक्सला हात न लावता, त्याच्या अलीकडे एक छोटी वितरणपेटी बसवून त्यातून मोटरसायकलसाठी १६ अ‍ॅम्पियरचा स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअ‍ॅम्पियरचा आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि झाकणाचे औद्योगिक सॉकेट देण्याची परवानगी मिळावी. पावसात रॅम्पवरून पाणी आत येते, त्यामुळे सॉकेट जमिनीपासून चार फूट उंचीवर राहील. अर्थिंग सध्याच्या खड्ड्याशीच जोडले जाईल, आणि सगळे काम परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून, माझ्या खर्चाने होईल.

भाराची चिंता कार्यकारिणीला असेल, ती रास्त आहे. वॉलबॉक्सची कमाल मर्यादा मी ३२ वरून १६ अ‍ॅम्पियरवर आणून ठेवणार आहे. मोटार हळू चार्ज होईल, पण रात्रभरात आमच्या रोजच्या वापरापुरती भरते. मोटरसायकलचा चार्जर सुमारे ७५० वॉटचा, म्हणजे तीन-साडेतीन अ‍ॅम्पियरचा आहे. दोन्ही एकदम चालली तरी एकूण २० अ‍ॅम्पियरच्या आतच राहतील, म्हणजे आपण आधी मंजूर केलेल्या ३२ पेक्षा कमीच. सामाईक वीजबिलावर एक पैसाही येणार नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून वाहन चार्ज करण्यास मुभा दिली. तरीही पार्किंगचा खांब संस्थेचा आहे, म्हणून आधी विचारणे मला योग्य वाटते.

पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि काम सुरू होण्यापूर्वी व झाल्यावर संस्थेच्या वायरमनकडून पाहणी करून घ्यावी. परवानगी मिळेपर्यंत मोटरसायकल अंबडच्या कारखान्यातच चार्ज होईल. गॅलरीतून वायर पुन्हा सोडली जाणार नाही.

आपला विश्वासू,
सदनिकाधारक, बी विंग