गुडघ्याखाली हात ठेवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

आईच्या गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनला पाच वर्षं होऊन गेली. परवाच्या एक्स-रेत कृत्रिम सांधा घट्ट बसलेला आहे, मधली प्लॅस्टिकची चकतीही झिजलेली नाही. डॉक्टर खूश आहेत. पण असाच छान एक्स-रे आम्हाला 2020 मध्येही दाखवला होता, आणि तेव्हा आई वॉकरशिवाय संडासापर्यंत जाऊ शकत नव्हती.

ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ लॉकडाऊन लागला. व्यायाम तुटला, गुडघा आखडला. ज्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलो त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली, "सांधा उत्तम बसलाय, या वयात एवढं चालायचंच" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पायाला हातसुद्धा लावला नाही. त्याचा राग अजून जात नाही.

मग व्यायाम करून घ्यायला तुम्ही आलात. आईच्या गुडघ्याखाली त्या डॉक्टरांनीच सांगितलेली मऊ उशी होती. ती काढून तुम्ही टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवली आणि गुडघ्याखाली स्वतःचा तळहात सरकवला. "काकू, माझा हात दाबा. दुखलं तर ओरडा, मी हात काढणार नाही." आई दाबायची, थांबायची, तुमच्यावर खेकसायची. तुम्ही फरशीवर बसून होतात, हात तिथेच. पायात अजून जोर आहे हे तिला त्या हातामुळे कळलं. पुढचे सगळे व्यायाम तिने त्याच भरवशावर केले.

परदेशातल्या नोंदींनुसार 25 वर्षांनंतरही 100 पैकी सुमारे 82 कृत्रिम गुडघे टिकून असतात. तरीही ऑपरेशन झालेल्या दर पाचांत साधारण एक जण समाधानी नसतो. आई त्या पाचव्या माणसाच्या जागी अडकली होती, आणि तिला तिथून तुम्ही बाहेर काढलंत. आता ती एका पायरीवर एकच पाय टाकत जिना चढते. मंडईत एकटी जाते. मांडी घालत नाही, पूजा खुर्चीवर बसून करते, त्याचं तिला काही वाटत नाही.

दुखणाऱ्या माणसाचं ऐकून घेणं, त्याच्या उशाशी थोडं बसणं, याला मशीन लागत नाही की पैसा. तरी ते किती कमी ठिकाणी मिळतं!

आता तिचा दुसरा गुडघाही गेलाय. ऑपरेशनला ती तयार आहे, पण म्हणते, "आधी ताईंना विचार त्या कधी मोकळ्या आहेत, मगच तारीख घे." तेव्हा ताई, कळवा.

तुमच्या काकूंची लेक