दिवाळी पहाटेला तंबोऱ्यांना तासभर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दिवाळी पहाटेच्या मैफलींची तयारी सुरू झाली आहे. मंडप, फराळ, पाहुणे यांवर बैठकांमागून बैठका होतात, तंबोऱ्यांचा विषय मात्र निघत नाही. गाणे ऐकताना देहभान हरपण्याची सुरुवात तिथूनच होते, म्हणून आयोजकांना ही कळकळीची विनंती.

तंबोरे मंचावर तासभर आधी आणा. पहाटेच्या गारव्यात तारा आखडतात आणि सूर चढतो; प्रखर दिवे लागले की तापून उतरतो. तेव्हा दिवे आधी लावा, तंबोरे मग जुळवा. प्रथम जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा गायकाच्या षड्जात (‘सा’मध्ये) मिळवायच्या, त्याही अशा की एकापाठोपाठ छेडल्यावर लहर उठता कामा नये. मग पहिली तार: तोडी रागाला पंचम (‘प’) चालेल, पण ललत रागात पंचम वर्ज्य, तिथे मध्यमच (‘म’). शेवटी खर्ज, म्हणजे खालच्या ‘सा’ची तार. उरलेला बारीक फरक तारेतल्या मण्यांनी काढायचा आणि घोडीवरचा दोरा केसभर सरकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलवायची. पावसाळ्यात फुगलेली खुंटी कोरड्या हवेत आक्रसते, मग घसरू लागते. खडूची पूड लावली की धरते. सगळे जमले की खर्जातून कुणीही न छेडलेला गंधार (‘ग’) आपसूक बोलू लागतो. तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा. त्यासाठी प्रत्येक तंबोऱ्याला वेगळा माईक द्या आणि ऑर्केस्ट्रासाठी लावलेला इको पूर्ण बंद करा. इकोमुळे सुराची कड पुसली जाते.

दुसरी गोष्ट सत्काराची. विलंबित एकतालात, म्हणजे संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालात, मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन (तालाची एक फेरी) 48 सेकंदांचे होते. नवख्या श्रोत्याच्या अंगात समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, ओढ भिनायला अशी चार-पाच आवर्तने, म्हणजे जवळपास चार मिनिटे लागतात. मग त्याला मोबाइल आठवत नाही, शेजारचा मराठी की कन्नड हेही आठवत नाही. नेमक्या त्या वेळी मान्यवर आले म्हणून निवेदक पुढे सरसावला, की बांधलेले सारे सुटते आणि पुन्हा पहिल्या आवर्तनापासून सुरुवात करावी लागते. दीपप्रज्वलन, सत्कार, आभार, सगळे तंबोरे छेडण्याआधी उरकून घ्या.

आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे उदाहरण इथे आठवल्यावाचून राहवत नाही. ऐन बहरात क्षयाने गाठले, माळव्यातल्या देवासला अंथरुणावर काही वर्षे गाणे बंद. त्या काळात कानावर पडलेली माळव्याची लोकगीते त्यांनी जिवाचे कान करून ऐकली, आणि नंतर जे गाणे उभे राहिले ते पहिल्यापेक्षा निराळे, पूर्णपणे त्यांचे स्वतःचे होते. हरवलेला गळा त्यांना ऐकण्यातून परत मिळाला, असे आम्ही मानतो. तंबोरा जुळवण्याबाबत ते किती काटेकोर होते, हे जाणकारांना ठाऊक आहेच.

साध्या श्रोत्याचेही आपल्या परीने असेच होते. शहापूर, वडगावकडे पायी परतताना मुखडा गुणगुणणाऱ्या माणसाला पुष्कळदा आपला आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकू येत असतो. त्याला तेवढी सवड मिळावी म्हणून शेवटची विनंती: भैरवी संपल्यावर दोन मिनिटे तंबोरे वाजत राहू द्या आणि वायरी गुंडाळायला लगेच कुणाला मंचावर पाठवू नका.

आपले नम्र,
तंबोऱ्याची साथ करणारे काही जण, टिळकवाडी, बेळगाव