दुष्काळी तालुक्यांच्या लागवडीत तरवडाला जागा हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की वृक्षलागवडीच्या उद्दिष्टांच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत कोणती रोपे लावावीत, याची चर्चा मात्र त्यांत क्वचितच असते. या पट्ट्यात पाणी न घालता, कुंपण न करता आपल्या बळावर उभे असलेले झुडूप म्हणजे तरवड, आणि लागवडीच्या यादीत नेमके त्याचेच नाव सापडत नाही.

आमच्या गावच्या माळाच्या कडेला असेच झाले. रोपांसाठी खड्डे घ्यायचे म्हणून यंत्राने बांधावरची जुनी, खोल मुळे गेलेली तरवडाची झुडपे उपटून काढली गेली. त्यांच्या जागी लावलेली रोपे होळीपर्यंत वाळली आणि उघडा पडलेला मुरूम पुढच्याच पावसात ओढ्याला गेला. झुडूप म्हणजे काटेरी झाडोरा, तो साफ केल्याशिवाय लागवड होत नाही, ही समजूत यामागे आहे. तरवडाला तर काटाही नसतो.

ओळख पटवणे अवघड नाही. हे झुडूप साधारण कमरेपासून पुरुषभर उंचीचे असते. पानाच्या देठाशी, खोडाला बिलगून, कानाच्या पाळीसारखी रुंद हिरवी उपपर्णे असतात. पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळ्याला ती नसतात, त्यामुळे बी गोळा करताना ही खूण पाहावी. पाच पाकळ्यांच्या गडद पिवळ्या फुलांत मध नसतो. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि भुंगा फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा त्यातून पराग बाहेर उडतात. सकाळी फुललेल्या तरवडाजवळ उभे राहिले, तर तो घुमणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

आपल्याकडे नवरात्रात घटावर चढणाऱ्या माळांमध्ये तरवडाची फुले असतात. शेजारच्या तेलंगणात बतुकम्मा सणात हीच फुले रचली जातात, आणि त्या राज्याने तर तरवडाला राज्यफुलाचा मान दिला आहे. क्रोमने कातडे कमावण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी बाभूळ आणि हिरड्याबरोबर तरवडाची सालही या कामी वापरली जात असे. आता सालीसाठी झुडपे सोलण्याचे कारण उरलेले नाही, हे एका परीने बरेच झाले. वाळलेल्या फुलांचा काढा मधुमेहावर घेण्याची प्रथा दक्षिणेत जुनी आहे, पण डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करून त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचा आहे तो पाला. झुडूप छाटले तरी बुडख्यातून पुन्हा जोमाने फुटते, आणि तो पाला हिरवळीचे खत म्हणून शेतात गाडता येतो.

शेळ्या-मेंढ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच चराऊ भागातही तो राखणीशिवाय टिकतो. याच कारणासाठी एक पथ्य पाळले पाहिजे. चांगल्या गवताच्या माळावर त्याची दाट लागवड करू नये, कारण तेथे गवताला जागा राहणार नाही आणि मेंढपाळांचे नुकसान होईल. त्याची खरी जागा शेताचे बांध, ताली, ओघळींचे काठ, रस्त्याकडेच्या मुरमाड उतरणी आणि खाणीतून निघालेल्या मातीचे ढीग ही आहे.

लागवडीला फारसा खर्च नाही. बियांचे कवच टणक असल्याने नुसते पेरलेले बी लवकर उगवत नाही. पाण्याला उकळी आली की भांडे चुलीवरून उतरवावे, त्यात बी टाकावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी जे बी फुगलेले दिसेल, ते मृगाचा पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर बांधाच्या बाहेरच्या अंगाला, दोन-तीन फुटांवर, अर्धा इंच खोल टोकावे. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन बिया टाकाव्यात. पहिल्या वर्षी वाढ सावकाश दिसते, कारण रोप आधी मूळ खाली नेते. तेवढ्या काळात भोवतीचे तण काढावे. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात मात्र हा खटाटोप करू नये.

शासकीय रोपवाटिकांनी तरवडाची रोपे तयार करावीत, बांधबंदिस्तीच्या कामांत त्याच्या बियांची टोकणी धरावी आणि लागवडीसाठी जागा साफ करताना उभी झुडपे राखण्याची स्पष्ट सूचना कंत्राटदारांना द्यावी, अशी माझी संबंधितांना विनंती आहे. हिवाळा सरताना तरवडाच्या चपट्या शेंगा तपकिरी, कागदासारख्या होतात. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी त्याच वेळी बी गोळा करून ठेवले, तर जूनमध्ये ते हाताशी असेल.

कळावे,
आपला नियमित वाचक
(एक शेतकरी, ता. माण, जि. सातारा)