राजीनाम्यावर सही करण्याआधीची दहा मिनिटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरकपातीच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. किती जणांना काढले त्याचा आकडा असतो, पण काढतात कसे ते कुठे छापून येत नाही. मी त्यातून गेलो आहे, म्हणून हे पत्र.

अंधेरीतल्या एका मालवाहतूक कंपनीत मी अकरा वर्षे हिशेबाच्या खात्यात होतो. एका शुक्रवारी साडेचारला मीटिंग रूममध्ये बोलावणे आले. टेबलावर टाइप केलेला राजीनामा आणि वर टोपण काढून ठेवलेले पेन. एचआरची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. "सर, तुम्ही स्वतःहून गेलात तर रेकॉर्ड क्लीन राहील. नाहीतर एक्स्पिरियन्स लेटरला प्रॉब्लेम येईल." दहा मिनिटे झाली नसतील, मी सही करून मोकळा झालो. जागेवर येईपर्यंत कॉम्प्युटरचे लॉगिन बंद. पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, कामाचे कौतुक करणारे साहेबांचे मेल, सगळे आतच राहिले.

माझ्यानंतर शेजारच्या टेबलावरच्या बाई आत गेल्या. त्यांच्यापुढेही तोच कागद. "घरी विचारून सांगते," एवढे बोलून त्यांनी पर्स उचलली आणि थेट स्टेशन गाठले. कायदा त्यांनाही माझ्याइतकाच ठाऊक होता, म्हणजे अजिबात नाही. सोमवारी कंपनीला झक मारून त्यांना मेल पाठवावी लागली की आपल्या सेवेची यापुढे गरज नाही. सोबत एक महिन्याचा पगार. कारण दिलेले नाही, भरपाईचा उल्लेख नाही. ती दोन ओळींची मेल म्हणजेच त्यांची केस झाली. माझ्याकडे मात्र माझाच राजीनामा!

तेव्हा १९४७चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. वर्षभरात २४० दिवस काम भरलेल्या कामगाराला कपातीत काढायचे तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस, किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार, आणि वर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. अकरा वर्षांचे १६५ दिवस, म्हणजे साडेपाच महिन्यांचा पगार. ग्रॅच्युइटी वेगळी. राजीनाम्यावर सही केली की ग्रॅच्युइटी सुटत नाही, पण हे साडेपाच महिने सुटतात. कंपनी राजीनाम्यासाठी इतकी का अडून बसते, ते हा हिशेब केल्यावर कळते. हिशेबाच्या खात्यात आयुष्य घालवून मला तो महिनाभराने सुचला, हे सांगायलाही लाज वाटते. आणि 'परफॉर्मन्स' किंवा गैरवर्तन असे म्हणून काढायचे असेल, तर आरोपपत्र द्यावे लागते, चौकशी करावी लागते, बाजू मांडू द्यावी लागते. तोंडी 'उद्यापासून येऊ नका' याला कायद्यात जागा नाही.

आमच्यासारख्या कॉलरवाल्यांची खरी अडचण अशी की, आपण कामगार आहोत हेच आपल्याला पटत नाही. माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. तिथे नोकरीचे नियम कामगारांना समजेल अशा भाषेतही गेटपाशी फळ्यावर लावलेले असत. वडील सातवी शिकलेले, पण नोटीस म्हणजे काय, चार्जशीट म्हणजे काय, हे त्यांना तोंडपाठ. १९८२च्या संपात त्यांची नोकरी गेली ती गेलीच, तो भाग निराळा. मी बी.कॉम. झालो, आणि माझे नियम इंग्रजीत, त्या लॉगिनच्या आत, जे साडेचारनंतर उघडत नाही.

कारकुनी, तांत्रिक किंवा हाताचे काम करणारा माणूस कायद्याच्या लेखी कामगारच, पगार कितीही असो. वगळले आहेत ते खरोखरचे व्यवस्थापक आणि ठरावीक रकमेच्या वर पगार घेणारे सुपरवायझर. ही रक्कम पूर्वी दहा हजार होती, १९४७च्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेत अठरा हजार आहे. आमच्या त्या बाईंचे पदनाम 'असिस्टंट मॅनेजर'. (पगार वाढवण्यापेक्षा पदनाम वाढवणे कंपनीला स्वस्त पडते.) कामगार आयुक्तालयात कंपनीने तेच पुढे केले, की या मॅनेजर, यांना हा कायदा लागू नाही. बाईंनी फक्त सांगितले की मी दिवसभर बिले चढवते, हाताखाली कोणी नाही, कुणाची अर्ध्या दिवसाची रजाही मी मंजूर करू शकत नाही. पदनाम काय यापेक्षा काम काय हे बघतात. तीन-चार तारखांत समेट झाला, भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळाली. नोकरी मात्र परत मिळाली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नाही.

माझे अजून चालू आहे. राजीनामा दबावाखाली घेतला, असे मी कंपनीला स्पीड पोस्टने कळवले, पण बारा दिवसांनी. सोमवारीच कळवले असते तर बरे झाले असते, असे वकील दर तारखेला ऐकवतात. वकील फुकट मिळाले आहेत. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला, आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देण्याची तरतूद आहे. हे मला आयुक्तालयाच्या जिन्यात एका अनोळखी गृहस्थांनी सांगितले. तेव्हाच्या कायद्यात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस उलटले की कामगार न्यायालयात थेट जाता येत असे, हेही त्यांच्याकडूनच कळले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात चांगले म्हणजे, काढल्यावर किंवा राजीनामा दिल्यावर दोन कामाच्या दिवसांत उरलेला पगार चुकता करायचा आहे. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' हे पालुपद आता ऐकून घेऊ नये. पण बडतर्फीविरुद्ध दाद मागायची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, त्यामुळे 'बघू पुढे' म्हणणाऱ्यांनी सावध राहावे.

आपल्याला एक विनंती. संहितांवरचे लेख आपण छापता, त्यात कलमे भरपूर असतात. त्याऐवजी एखाद्या रविवारी, मीटिंग रूममध्ये बोलावणे आले तर काय करायचे, एवढेच चौकटीत छापा. सही करू नका, कागद घरी नेऊन वाचतो म्हणा, काढायचे असेल तर लेखी द्या म्हणा. आणि नेमणूकपत्र नि पगाराच्या स्लिपा आजच स्वतःच्या मेलवर घ्या.

कामगार आयुक्तालय ज्यात आहे ते कामगार भवन वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. जाताना प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स घरूनच काढून न्याव्यात. त्या काचेच्या इमारतींत झेरॉक्सचे दुकान शोधण्यात माझा पहिला अर्धा दिवस गेला.

आपला,
एक वाचक, काळाचौकी, मुंबई