सुमे, दत्ता आठवतो का?

प्रिय सुमे,

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मध्ये बोलू देत नाहीस, म्हणून. माझी शुगर आहे तिथंच आहे, ह्यांची पाठ अधूनमधून धरते. बाकी ठीक.

दत्ता आठवतो? २००९ साली मी त्याला फळ्याशी उभं केलं, त्यानं 'कमळ'चं 'मकळ' लिहिलं, वर्ग हसला आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. संध्याकाळी एसटीत "आळशी नाहीये गं तो" एवढंच म्हणून तू खिडकीबाहेर बघत बसलीस. मी चार दिवस तुझ्या डब्याला हात लावला नाही. (चटणीत मीठ जास्तच असायचं, ते वेगळं.)

परवा गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षक आले. पंधरवड्यातून एकदा येतात, इतक्या शाळा त्यांच्या गळ्यात. तिसरीतल्या एका पोराला तासभर घेऊन बसले. तोंडी हिशेबात हे पोरगं बाजारातल्या व्यापाऱ्याला गप्प करील, पण सुटी अक्षरं आली तरी शब्द जुळत नाही. मी निपुण अभियानाच्या वाचनस्तरांच्या तक्त्यात 'अक्षर स्तर' लिहून मोकळी झाले होते. सर म्हणाले, "मॅडम, अध्ययन अक्षमता असावी. तपासून घ्या." मला दत्ताचा फळाच दिसला.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात हे नव्हतं. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, तेव्हा आलं. ही सबब रात्रभर स्वतःला देऊन बघितली. पण तुला तरी तेव्हा कुठला कायदा माहीत होता?

आता खरी अडचण. जिल्हा रुग्णालयातली तारीख मिळालीय दिवाळीनंतरची, आणि आईबापाची ऊसतोडीची उचल घेऊन झालीय. भाऊबीज झाली की मुकादमाची गाडी येणार, ते थेट उन्हाळ्यात परतणार. बाप म्हणतो, "पोरगं येडं हाय असं सरकारी कागदावर लिहून घ्यू का?" मी म्हटलं, येडं नाही, दाखला असला की पुढं परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. आई मध्येच म्हणाली, "मग ह्यो हिशेब कसा करतो?" अगं, तिला बरोबर कळलं होतं! मी म्हटलं, हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घालते, आजीजवळ राहू द्या. बाप गप्प. मग म्हणाला, "फडात धाकटीला कोण बघंल?" आठ वर्षांचा आहे गं तो.

तोवर सरांनी सांगितलं तसं चाललंय. ताटात तांदूळ पसरून अक्षर गिरवायचं, एका वेळी एकच शब्द, चाचणी तोंडी. तांदूळ पोषण आहाराचा, त्यामुळे स्वयंपाकाच्या मावशी माझ्यावर डोळे वटारतात. काल त्यानं 'पाणी' वाचलं आणि लगेच प्यायला पळाला.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोर्टलवर नाव आलं का? सासूबाईंचा गुडघा? आणि सायलीला बारावीला शुभेच्छा सांग, रागावलीय का माझ्यावर?

दत्ताचा चुलता तुझ्याच गावाकडचा ना? तो कुठं असतो, एवढं विचार. भेटून काय बोलणार ते विचारू नकोस.

आणि भाऊबीजेच्या आधी त्या बापाशी एकदा फोनवर बोलशील का? तुझं लोक ऐकतात. एक मी सोडून.

तुझीच,
मंदी