‘कार्ड गेलं’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,

स. न.

ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा संगणकाचा सुटा भाग) लावल्यावर संगणकाचा डिस्प्ले येत नसेल तर ‘कार्ड बदलून घ्यावे’, असं उत्तर आपल्या पुरवणीतल्या तंत्रविषयक प्रश्नोत्तरांत वाचलं. राहवलं नाही म्हणून लिहिते आहे, कारण याच सल्ल्यापायी माझं धडधाकट कार्ड भंगारात जाता जाता वाचलं.

मी घरांच्या अंतर्गत सजावटीची थ्रीडी चित्रं करते. एकेक रेंडर, म्हणजे संगणकानं अंतिम चित्र तयार करणं, रात्रभर चालतो. कार्ड बंद म्हणजे माझं काम बंद. काही महिन्यांपूर्वी धूळ झटकायला म्हणून कार्ड काढलं, ब्रशनं साफ केलं आणि परत बसवलं. बटण दाबलं तर कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगानं घोंघावायला लागले, पण पडदा काळा तो काळाच. माझ्या मदरबोर्डच्या (सगळे भाग जिला जोडतात त्या मुख्य पाटीच्या) कडेला चार बारीक दिवे आहेत, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (मेमरी), व्हीजीए (डिस्प्ले) आणि बूट (संगणक सुरू होणं) असे. जिथे अडतं तिथला दिवा पेटून राहतो. त्यांतला व्हीजीएचा पेटला तो विझेचना. (जुन्या संगणकांत छोटा स्पीकर असायचा. बऱ्याच मदरबोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड ‘बीप’ आले की डिस्प्लेची तक्रार, हे ऐकूनच कळायचं. आता बहुतेक कॅबिनेटांत तो नसतोच.) कार्ड काढून मॉनिटरची केबल सरळ मदरबोर्डला लावली, तर संगणक सुरळीत चालू झाला. दुरुस्तीवाल्यांनी एवढं ऐकून घेतलं आणि कॅबिनेट न उघडताच सांगितलं, “कार्ड गेलंय मॅडम, नवीन टाका.”

मीही ते मान्य केलं होतं. पण माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं, “दुसऱ्या मशीनला लावून बघितलंस का?” तिच्या संगणकात लावलं आणि पहिल्याच फटक्यात डिस्प्ले आला. म्हणजे कार्ड चांगलं आणि कार्डाशिवाय माझा संगणकही चांगला. मग बिघाड असणार तो या दोघांच्या मधे, म्हणजे स्लॉटमध्ये (मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या खाचेत), वीजपुरवठ्यात नाहीतर बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये.

घरी येऊन टॉर्च घेऊन बसले. कार्डाला वीज देणारा आठ पिनांचा प्लग बहुधा अखंड नसतो, सहा आणि दोन अशा दोन तुकड्यांत असतो. सहाचा तुकडा खटकन बसलेला होता. शेजारचा दोन पिनांचा तुकडा मात्र नखाच्या जाडीएवढा वर राहिला होता. वरून पाहताना तो दिसत नव्हता, मान वाकवून कडेनं बघितल्यावरच फट दिसली. त्या दोन पिनांतल्या एकीवरूनच कार्डाला कळतं की आठ पिनांचा प्लग पूर्ण जोडलेला आहे. संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून, दोन्ही तुकडे एकत्र धरून दाबले. खटका ऐकू आला. चालू केलं, व्हीजीएचा दिवा क्षणभर पेटून विझला आणि डिस्प्ले आला.

पंखे फिरतात म्हणजे वीज पोचते, ही समजूत इथेच फसवते. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. सहा पिनांचा प्लग आणखी 75 आणि आठ पिनांचा 150 वॅट देतो. पंखे आणि दिवे स्लॉटच्या विजेवरही चालू शकतात. उलट बाजूही सांगायला हवी. कार्ड काढल्यावरही पडदा काळाच राहिला, तर लगेच मदरबोर्डवर ठपका ठेवू नये. काही प्रोसेसरांत स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असलेल्यांत तर नाहीच, त्यामुळे ही चाचणी त्यांना लागू पडत नाही. जुनं कार्ड नव्या मदरबोर्डला लावलं असेल, तर त्या कार्डात यूईएफआयची (बायोसच्या नव्या पद्धतीची) सोय नसल्यानं आणि बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीची कार्डं चालवून घेणारं सेटिंग) बंद असल्यानंही डिस्प्ले येत नाही. तिथेही कार्डाचा दोष काही नसतो.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. हे करून बघताना जोर लावू नका. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग बहुधा चार-चारच्या तुकड्यांचा असतो, दिसायला कार्डाच्या प्लगसारखाच, पण त्यात बारा व्होल्ट आणि ग्राउंडच्या (वीज परत नेणाऱ्या तारांच्या) जागा उलट्या असतात. आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलला, तर सुट्या केबलीही त्या नव्याच्याच वापरा. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असू शकते. तिथे झालेल्या चुकीनं चांगलं कार्ड खरंच जळू शकतं.

दुरुस्ती करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की ‘कार्ड गेलं’ असं सांगताना ते कुठल्या दुसऱ्या मशीनमध्ये लावून पाहिलं, हे पावतीवर लिहा. पाहिलं नसेल तर तसंही लिहा. आणि संपादक महोदय, आपण त्या उत्तराची दुरुस्ती छापणार असाल, तर सोबत दोन छायाचित्रं शेजारी-शेजारी द्यावीत. एक पूर्ण बसलेल्या प्लगचं आणि एक नखभर वर राहिलेल्या प्लगचं. दोन्ही कडेनं काढलेली हवीत, वरून नकोत.

आपली,
एक नियमित वाचक